उखाची पिशवी

सुरतेतल्या डिंडोलीत उखाला ओळखत नाही असा माणूस भेटला, तर समजावं की तो एकतर पायी चालतो नाहीतर कालच गावाहून आलाय. रेल्वेच्या पुलाजवळ त्याचा गाळा आहे. पाटीवर एकच शब्द, तोही रंगाऱ्याने गुजरातीत काढलेला: ब्रेक. मालकाचं नाव नाही, देवाचं नाव नाही, फोन नंबरही नाही. कोणी इंजिनाचं काम घेऊन आलं, तर उखा हात जोडून त्याला पुढच्या गॅरेजात पाठवतो. "गाडी पळाडाले शंभर जन बठेल शेत," तो म्हणतो, "थांबाडाले मी एकलाच."

यात फुशारकी आहे, खोटं नाही. मी चौतीस वर्षं महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवलंय, दोन्हींतला फरक मला लांबून कळतो.

उखा मूळचा शिंदखेड्याकडचा. सतराव्या वर्षी सुरतेत आला आणि पंचवीस वर्षं मागांवर होता, त्यातली शेवटची पंधरा वर्षं माग दुरुस्त करणारा मास्तर म्हणून. मागालाही ब्रेक असतो हे मला त्याच्याकडूनच कळलं. धागा तुटला की माग तिथल्या तिथे थांबला पाहिजे, नाहीतर पुढचं कापड वाया. शेठ लोकांना माग जोरात पळायला हवा असायचा, आणि उखा मात्र तो थांबतो की नाही हे बघत बसायचा. जुने माग भंगारात गेले तेव्हा बाकीचे मास्तर रडकुंडीला आले. उखाने एवढंच पाहिलं, की सुरतेत मागांपेक्षा गाड्या जास्त झाल्यात आणि त्यांतल्या निम्म्या थांबत नाहीत.

त्याच्या कामात दोन गोष्टी इतर कुठे दिसणार नाहीत. एक म्हणजे पुष्पाबाई, त्याची बायको. ब्रेकच्या नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने चाकापाशी बसून नट सैल करायचा, दुसऱ्याने गाडीत बसून पेडल दाबायचं. हे दुसरं काम पहिल्यापासून पुष्पाबाईंचं. उखा खालून "दाब" म्हणाला की दाबायचं, "धर" म्हणाला की धरायचं, "सोड" म्हणाला की सोडायचं. घरात ती त्याचं एक ऐकत नाही, त्यामुळे गाळ्यातली ही दहा मिनिटं उखाला फार आवडत असावीत. डिंडोलीतल्या प्रत्येक रिक्षेच्या, टेम्पोच्या, मोटारीच्या पेडलवर पुष्पाबाईंचा पाय पडून गेलाय, आणि तिच्या पायाने "बरं शे" म्हटल्याशिवाय गाडी गाळ्याबाहेर जात नाही.

दुसरी गोष्ट पिशवी. जे जुनं काढलं ते उखा धुऊन, पुसून कापडी पिशवीत भरतो, नव्या वस्तूचं रिकामं खोकं वर ठेवतो आणि पिशवी गिऱ्हाइकाच्या सीटवर नेऊन ठेवतो. काय काढलं आणि काय घातलं, हे गिऱ्हाइकाने डोळ्यांनी पाहावं म्हणून. पण इतक्या वर्षांत ती पिशवी उघडून कोणी पाहिली नाही. उखाने दिलेल्या पिशवीत काय बघायचं? माझ्या जुन्या स्कूटरच्या तीन पिशव्या माझ्या माळ्यावर गाठ मारलेल्या पडून आहेत.

तर अशा या माणसाकडे गेल्या फेब्रुवारीत भूपेंद्रने लाल गाडी आणली.

भूपेंद्र माझा विद्यार्थी. त्याचे वडील मागावर होते. आता त्याची पलसाण्याला कापड रंगवण्याची मिल आहे. सातवीत मी 'मी मुख्यमंत्री झालो तर' हा निबंध घातला होता, तेव्हा याने 'तर' गाळून लिहिला होता. तोच भूपेंद्र मोठा झाला आणि त्याने तीस वर्षं जुनी, दोन दारांची, उघड्या टपाची, दोनच माणसं मावणारी जपानी स्पोर्ट्स कार घेतली. सुरतेत तिला पळायला मोकळा रस्ता मिळतो तो पहाटे पाचला, आणि भूपेंद्र उठतो साडेआठला. त्यामुळे ती बहुतेक वेळ मिलच्या आवारात झाकून उभी असे.

मे महिन्यात त्याच्या मुलाचं, ललितचं लग्न होतं. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला घोड्यावर न जाता या गाडीतून जाणार, आणि गाडी स्वतः बाप चालवणार, असं ठरलं. ललितची बहीण शीतल करवली. तिने आपण कुठे बसायचं म्हणून विचारलं, तेव्हा घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. शेवटी करवलीने करा घेऊन दाराशेजारून चालावं असा तह झाला.

गाडीचे ब्रेक तीस वर्षांचे होते, ते बदलायला हवे होते, हे भूपेंद्रचं म्हणणं बरोबर होतं. पण तो मोबाइलवर व्हिडिओ बघत बसला आणि त्याने परदेशातून थेट शर्यतीचं सामान मागवलं. मोठ्या डिस्क, त्यांना चिमट्यासारखे धरणारे लाल रंगाचे जाडजूड कॅलिपर आणि त्या चिमट्यात बसणारे, काळ्या खोक्यातले पॅड. कॅलिपर एवढे मोठे, की जुन्या चाकांत मावेनात, म्हणून चाकंही नवी आली. उखाने पहिल्याच दिवशी विचारलं, की गाडी पळणार कुठे? भूपेंद्रने त्याला सांगितलं, की प्रश्न पळण्याचा नसतो, दर्जाचा असतो.

उखाने चार दिवस खपून सगळं बसवलं. पुष्पाबाई लुगडं आवरून त्या खोलगट सीटमध्ये बसली आणि नंतर तिला बाहेर काढायला शेजारच्या दोन बायका लागल्या. हवा निघाली, पेडल दगडासारखं घट्ट झालं. मग उखाने गाडी गाळ्यापुढच्या रस्त्यावर माणसाच्या चालीने नेली आणि शेजारी बसलेल्या पुष्पाबाईला म्हणाला, आता तू चालव, तू दाब. तिला गाडी चालवता येते ती एवढ्याच वेगात. तिने दाबलं. गाडी थांबली, पण ती जिथे थांबायला हवी होती तिथून बरीच पुढे, भजीवाल्याच्या लोखंडी टेबलाला टेकून. पुष्पाबाई म्हणाली, पाय पुरा गेला, पण गाडीला काही कळलंच नाही.

उखाला इंग्रजी येत नाही. ते काळं खोकं घेऊन तो माझ्याकडे आला. मी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. हे पॅड शर्यतीच्या मैदानासाठी आहेत. वापरण्याआधी नीट तापवून घ्यावेत. थंड असताना पकड कमी राहते. सार्वजनिक रस्त्यावर वापरू नयेत. म्हणजे गाडी भन्नाट वेगात पळवून चार वेळा करकचून ब्रेक मारला, की मग हे जागे होणार. आणि नवरदेवाची गाडी बँडच्या मागून तासभर सरपटणार. मी उखाला म्हटलं, थंड तव्यावर भाकरी टाकल्यासारखी गत आहे. तो हसला नाही.

त्याने भूपेंद्रला फोन करून सगळं सांगितलं. भूपेंद्रने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, की उखाभाऊ, तुम्ही आयुष्यभर रिक्षांचं काम केलं, तुमचा दोष नाही, महाग वस्तूची सवय व्हायला वेळ लागतो. दुसऱ्यांदा उखा समक्ष गेला, तर पत्रिका वाटायची घाई होती.

काम सोडून देणं सोपं होतं. पण उखाने नाही म्हटलं असतं, तरी ती गाडी त्याच पॅडवर पुलाच्या उतारावरून मारुतीकडे आली असती. आणि पुढे नाचणार कोण? डिंडोलीचे आम्हीच. उखाने तीन दिवस गाळा बंद ठेवला. मग अहमदाबादहून त्याच आकाराचे, पण रोजच्या रस्त्यावर चालणारे साधे पॅड आणवले, स्वतःच्या पैशाने, आणि ते बसवले. पुष्पाबाईचा पाय म्हणाला, बरं शे. परदेशी पॅड त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवले. आणि पिशवी भरताना वर ते रिकामं काळं खोकं ठेवलं. उखाच्या पिशवीत पहिल्यांदा खोटं शिरलं ते असं. हे त्याने मला त्याच दिवशी येऊन सांगितलं, कारण खोटं एकट्याने सांभाळायची त्याला सवय नव्हती. मी म्हटलं, लग्न होऊन जाऊ दे.

लग्नाच्या दिवशी सकाळी दहालाच ऊन रणरणत होतं. पुढे बँड, मग नाचणारे, मग आम्ही बायका, मग लाल गाडी. ललित काळा चष्मा लावून बसलेला, भूपेंद्र भरजरी फेट्यात स्टिअरिंगला धरून, आणि शीतल घामाने निथळत, हातात करा घेऊन दाराशेजारून चालत होती. पूल चढेपर्यंत सगळं ठीक होतं. उतारावर बँडवाल्यांना जोर आला. कोणीतरी पुष्पाबाईला हाताला धरून नाचायला ओढलं. ती दोनदा नको म्हणाली, मग पदर खोचून अशी नाचली, की आम्ही टाळ्या वाजवायच्या विसरलो. नाचता नाचता गाडीच्या नाकाशी आली, खाली पडलेल्या हारावर तिचा पाय घसरला आणि ती सपशेल आडवी झाली.

मी दोन पावलांवर होते. गाडी उतारावर होती, येत होती. भूपेंद्रने ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी थांबली. तिच्या डोक्यात आणि चाकात एका वितीचं अंतर होतं. मी ते पाहिलंय, अजून दिसतं.

क्षणभर बँडही थांबला. मग भूपेंद्र सीटवर उभा राहिला आणि व्याह्यांकडे बघून मोठ्याने म्हणाला, "बघितलं? हे परदेशी ब्रेक. साधी गाडी असती तर गेली होती बाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. धुळ्याच्या व्याह्यांनी कॅलिपरचे फोटो काढले. उखा बायकोच्या कोपराला धरून उभा होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत.

इथवर सगळं बरं झालं होतं. पुढचं बिघडवायला मी होते.

लग्नानंतर उखाकडे रीघ लागली. ज्याला त्याला भूपेंद्रशेठच्या गाडीचे ब्रेक हवे. एक रिक्षावाला तर म्हणाला, परदेशी नको, पण त्याच्या जवळपासचं काहीतरी घाला. उखा कोणाला होय म्हणेना, नाही म्हणेना. त्याची झोप गेली. महिन्याभराने तो माझ्याकडे आला आणि ओट्यावर बसून विचारलं, "बाई, आते काय करू?"

मी एका क्षणाचाही विचार केला नाही. चौतीस वर्षं मुलांना जे सांगितलं तेच सांगितलं, की खरं सांगून मोकळं व्हावं. मुलांनी ते कधी मनावर घेतलं नव्हतं, त्यामुळे त्याचं पुढे काय होतं हे मला ठाऊक नव्हतं. उखाने मात्र मनावर घेतलं.

वर्तमानपत्राची पुडी घेऊन तो पलसाण्याला गेला आणि भूपेंद्रच्या टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. भूपेंद्रला राग आला. ब्रेकचा नव्हे, कारण ब्रेक तर लागला होता. राग आला तो व्याह्यांपुढे केलेल्या भाषणाचा. ज्या वस्तूची त्याने छाती फुगवून तारीफ केली, ती कपाटात पुडीत होती आणि गाडीला लागला होता बाजारातला साधा माल. त्याने एकच विचारलं, "माझा माल काढून तुम्ही घरात ठेवला, याला काय म्हणतात?" उत्तर त्याने स्वतःच समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं. नाव न घेता लिहिलं, पण डिंडोलीत ब्रेकवाला एकच. आणि परदेशी पॅड त्याने वेसू भागातल्या एका काचेच्या गॅरेजात पुन्हा गाडीला बसवून घेतले.

गिऱ्हाईक तुटलं असतं तर उखाने सोसलं असतं. गिऱ्हाईक तुटलं नाही, ते पिशवी उघडू लागलं. जे रिक्षावाले पिशवी सीटवरून ढकलून बसायचे, ते आता पुलाखाली उजेडात उभे राहून खोकी उलटीपालटी करून बघायचे. एकाने चाक पुन्हा खोलून दाखव म्हटलं, आणि उखाने मुकाट्याने खोलून दाखवलं. भजनी मंडळातल्या बायकांनी पुष्पाबाईला गोड आवाजात विचारलं, की कपाटात आणखी काय काय आहे. तिने भजनाला जाणं सोडलं. उखा लबाडी करत होता तोवर लोक त्याला डोक्यावर घेत होते, आणि खरं बोलला त्या दिवसापासून तो चोर ठरला. आणि त्याला खरं बोलायला लावणारी मी घरात पंख्याखाली बसून होते. मला लाज वाटली. नुसतं वाईट वाटणं निराळं, ही लाज होती.

मी पलसाण्याला गेले. भूपेंद्र उठून पाया पडला, चहा मागवला, खारी मागवली. माझे विद्यार्थी फार आदराने वागतात, त्यामुळे त्यांना काही ऐकवता येत नाही. मी उखाचा विषय काढला की तो माझ्या गुडघेदुखीचा काढायचा. शेवटी म्हणाला, बाई, उन्हात रिक्षाने नका जाऊ, मी घरी सोडतो. मी म्हटलं, लाल गाडीतून सोड.

त्याला बरं वाटलं. गाडीवरचं कापड निघालं. मी त्या सीटमध्ये कशी उतरले ते सांगत नाही, पुष्पाबाईची क्षमा मात्र मनातल्या मनात मागितली. गाडी सावलीत आठ दिवस उभी होती, गार. मिलच्या आवारातून फाटकापर्यंत जरासा उतार आहे. फाटकाशी चौकीदार प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता. शेठ येताहेत हे बघून तो सलाम ठोकायला उठला आणि दोन पावलं बाजूला झाला.

भूपेंद्रने ब्रेक दाबला. मला त्याचा पाय दिसत होता, गुडघ्यापासून ताठ. गाडी घाई न करता पुढे गेली, खुर्ची आधी सरकली, मग कडकडली, मग फाटकावर चेपली गेली आणि तिथे गाडी थांबली. चौकीदाराचा हात अजून कपाळाला होता. सलाम केला म्हणून तो वाचला.

भूपेंद्रने पाय काढला नाही. इंजिन बंद पडलं होतं. समोर खुर्चीचा एक पाय वर आला होता.

मी म्हटलं, "त्या दिवशी या खुर्चीच्या जागी पुष्पाबाई होती."

तेव्हा त्याने पाय काढला. मला दुसऱ्या गाडीने घरी सोडण्यात आलं.

दोन दिवसांनी, भर अकराला, गाळ्यापुढे चार रिक्षा आणि एक टेम्पो उभा असताना भूपेंद्र आला. लाल गाडी टोचन लावून आणली होती. हातात अहमदाबादचे पॅड होते, वेसूच्या गॅरेजने काढून दिलेले. मी स्कूटर घेऊन आले होते. योगायोगाने नव्हे, मला पुष्पाबाईचा फोन आला होता. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "उखाभाऊ, तुम्ही घातलेलेच परत घाला. माझं चुकलं." ग्रुपवर मात्र त्याने काही लिहिलं नाही. माणूस एका दिवसात किती सुधारणार?

उखाने पॅड घासूनपुसून बसवले. पुष्पाबाईने पेडल दाबलं, धरलं, सोडलं आणि बरं शे म्हणाली. रिक्षावाले एकमेकांकडे बघत होते. एकाने तर तिथेच जाहीर केलं, की आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. मग उखाने परदेशी पॅड पिशवीत भरले आणि पिशवी भूपेंद्रच्या सीटवर ठेवली. भूपेंद्र तशीच मांडीवर घेऊन बसणार होता, पूर्वीसारखी. उखाने त्याला थांबवलं, पिशवी उघडली आणि एकेक वस्तू त्याच्या हातात देऊन दाखवली.

मला वाटलं, हा एवढ्यापुरता टोला असेल. नव्हता. चारही रिक्षांचं त्याने तसंच केलं. रिक्षावाले "कायको भाऊ" म्हणत राहिले, उखा दाखवत राहिला.

मग माझी स्कूटर झाली. तो पिशवी घेऊन आला आणि माझ्यापुढे गाठ सोडू लागला. मी म्हटलं, "उखाभाऊ, मला नका दाखवू. मी कधी बघितलं का?"

"दखी ल्या बाई," तो म्हणाला. रागाने नाही, नेहमीच्याच आवाजात. "तुम्हीच शिकाडेल शे."

मी पिशवीत पाहिलं. आत माझ्या स्कूटरचे दोन जुने ब्रेक होते, धुऊन पुसलेले, आणि त्यांच्यावर नव्याचं रिकामं खोकं.